शातोनफच्या चढावर मनीषा

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पत्नीने, मनीषाने, एकच मागणी केली : फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप या द्राक्षांच्या गावी जायचे आणि टेकडीवरचा पोपचा पडका किल्ला पायी चढायचा. डॉक्टरांची हरकत नव्हती, मुलीची होती. "आई, इट्स ऑल अपहिल! बाबा, कॅन्सल करा ना." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जोखीम टाळणारा. गाडी वरपर्यंत जाते, याची खात्री करूनच अमेरिकेतले, ओहायोमधले आमचे डब्लिन गाव सोडले.

"तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ," मनीषा म्हणाली.

पॅरिसहून जलद रेल्वेने आविन्यों आणि पुढे भाड्याच्या गाडीने जेमतेम अर्धा तास. ऑटोमॅटिक गाडी आधीच मागून ठेवावी. आम्हाला गिअरची मिळाली आणि ती मनीषाला चालवता येत नाही. दुतर्फा द्राक्षमळे, पण नाशिककडचे मांडव नाहीत. कमरेइतकी सुटी झुडपे, आणि खाली मातीऐवजी रताळ्याएवढे गुळगुळीत गोटे. दिवसाचे ऊन साठवून ते रात्री वेलींना ऊब देतात.

टेकडीच्या पायथ्याशी एका वाइनच्या तळघरात शिरलो. अशा ठिकाणी वेळ आधी ठरवून जाणे उत्तम. यजमानीणबाई एकामागून एक वाइन ओतू लागल्या. मनीषा नुसता वास घेत होती.

"अहो, ती पिकदाणी ठेवलीय. सगळे चूळ भरून थुंकतायत."

"यजमानांसमोर थुंकायचे? आपल्याकडून ते होणे नाही."

पाहुणचाराचा मान राखून मी प्रत्येक घोट गिळला. बाई खळखळून हसल्या. "मस्यू, व्हेरी पोलाइट! बट नाउ, नो ड्रायव्हिंग."

गाडीची किल्ली निमूटपणे खिशात गेली. "चला," मनीषा काठी सरसावत म्हणाली, "आता तुमच्यापुढे पर्यायच उरला नाही."

दगडी गल्ल्या, उभा चढ, समोरून झोंबणारा वारा. एका कारंज्यापाशी ती गुडघा दाबत बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली. दोन घोट घेऊन ती उठली. अखेरच्या वळणावर मी विचारले, "हात देऊ?"

"तुमचंच पाऊल वाकडं पडतंय. मीच देते."

किल्ल्याची एक उंच भिंत तेवढी शिल्लक आहे. मनीषाने तिला तळवा टेकवला, खाली पसरलेली ऱ्होन नदी डोळे भरून पाहिली आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"ओ माय गॉड, आई! बाबा कुठे आहेत?"

"येतायत मागून."

इतक्या अभिमानाने मी आयुष्यात कधी मागे पडलो नव्हतो.

डब्लिनला परतलो. शस्त्रक्रियेपासून मनीषा तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपत असे. बॅगा उघडण्याआधीच तिने तिथली आपली उशी काखेत मारली आणि कठड्याला हात न लावता जिना चढून वर आमच्या खोलीत गेली.