गार पाण्याखाली धरलेला हात

तापलेल्या काचेची लाली लवकर जाते, पण आच आत टिकून राहते. दिसायला ती गार काचेइतकीच नितळ असते. बाबांनी आयुष्यभर गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या वाकवून प्रयोगशाळांची उपकरणं घडवली आणि मलाही तेच काम शिकवलं. आता मी काम करते आणि ते शेजारच्या खुर्चीत बसून असतात. माझं नाव त्यांना आठवत नाही.

काल दुपारी बाजूला ठेवलेली नळी मी गार समजून उचलली आणि कळवळले. बाबा ताडकन उठले. माझं मनगट धरून त्यांनी मला मोरीपाशी नेलं, बोट सुजायच्या आत अंगठी काढली आणि नळ सोडला.

"बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको," ते म्हणाले. "नुसतं गार पाणी. आग थांबेपर्यंत हात काढायचा नाही. फोड आला तर फोडायचा नाही."

तोच आवाज, तीच पकड. माणसाच्या आत काय विझलंय आणि काय अजून धगधगतंय, हे वरून कसं कळावं? मला वाटलं, बाबा परत आले. मी त्यांच्याकडे पाहून हसले.

ते संकोचले. माझा हात त्यांनी अलगद सोडला.

"घाबरू नका, बाई. खोल भाजलेलं नाही," ते म्हणाले. "पण घरी गेल्यावर वडिलांना दाखवा. लेकीनं भाजलेलं लपवलं, तर त्यांना सोसणार नाही."

"दाखवते," मी म्हणाले.