राखाडी कपाटं घेऊन पचमढीला

पचमढीला जायचं ठरलं ते मला विचारून ठरलं. गाडीतली कपाटं बदलायचं ठरलं ते मी नागपूरला बहिणीकडे गेले असताना. यातच काय ते समजून घ्या. मी बोलतेय, नात केतकी टाइप करतेय आणि माझा राग अजून उतरलेला नाही. ज्यांना नुसती धबधब्यांची माहिती हवी त्यांनी खाली जावं, धबधबे शेवटी येतात.

आधी गाडी. आमची गाडी म्हणजे चाकांवरचं घर. ह्यांनी, म्हणजे केतकीच्या आजोबांनी, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एक जुनी मिनीबस घेतली. आतल्या सीटा काढून दोन बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि दोन्ही बाजूंना कपाटं बसवली. कपाटांच्या दारांना लावायला ओळखीच्या सुताराकडून सनमायकाचे उरलेले तुकडे आणले. एक दार हिरवं, एक फुलाफुलांचं, एक चौकड्यांचं, एक चक्क शाळेच्या फळ्यासारखं काळं. प्रेमाबिमाने नव्हे, तुकडे फुकट मिळाले म्हणून. भोपाळला शाहपुऱ्यात आमच्या गल्लीतली पोरं गाडीला गोधडी म्हणायची.

पण त्या गोधडीत मी डोळे मिटून स्वयंपाक करत होते. हिरव्यामागे मीठ-मसाला, फुलांमागे चहा-साखर, चौकड्यांमागे पोहे-रवा, काळ्यामागे तेल. हे गेले, गाडी मुलाकडे, विनयकडे, आली, तरी शेगडी माझ्याकडेच राहिली. घरातलं स्वयंपाकघर मी सुनेला, मंजिरीला, कधीच देऊन टाकलंय. गाडीतलं दिलेलं नाही. हे लक्षात ठेवा, भांडण तिथलंच आहे.

तर मी नागपूरहून आले. गाडी फाटकाशी उभी होती. विनय म्हणाला, "आई, डोळे मीट." मिटले. "आता उघड." उघडले आणि वाटलं, मिटलेलेच बरे होते.

या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग. राखाडी. ओल्या सिमेंटचा असतो तसा. मुठी गायब, कड्या गायब.

"दार उघडायचं कसं?" मी विचारलं.

"दाबायचं. दाबलं की उघडतं," विनय म्हणाला. मी एक दाबलं, दोन उघडली.

"आणि माझी दारं?"

"कबाडीवाल्याला दिली गं. फारच आउटडेटेड दिसत होती. एमपी नगरच्या इंटिरियरवाल्याने सगळं नवीन बसवून दिलं."

"मीपण आउटडेटेड आहे. मला कधी राखाडी मारताय?"

केतकी हसली. विनय हसला नाही, कारण त्याला वाटलं होतं मी रडेन. आनंदाने.

वर मंजिरीचं कौतुक वेगळंच. सगळे डबे एकसारखे आणलेले, पांढऱ्या झाकणांचे, आतलं काही दिसू नये असे. प्रत्येक डब्यावर आणि प्रत्येक दारावर छापील नाव. "आई, आता शोधाशोध नको. वाचलं की सापडलं!"

वाचलं की सापडलं.

मला वाचता येत नाही. एक अक्षर नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे ते विसरलेत. पेपर आला की मी चष्मा लावून फोटो बघते. दुकानात पुड्यांच्या रंगावरून माल ओळखते. फोनमध्ये केतकीने नावांऐवजी चेहरे लावून दिलेत. मी इतकं बेमालूम निभावते की माझ्याच माणसांना वाटायला लागलं, येत असेल आईला. बरं, आठवण करून द्यावी तर पुढचं वाक्य मला पाठ होतं: "मग राहू द्या आई, तुम्ही बसा, मी करते." म्हणजे शेगडी गेली. म्हणून मी अक्षरांचं नाव न काढता रंगावर भांडले. रोज भांडले. रंगही भांडण्याच्या लायकीचाच होता.

शनिवारी पहाटे निघालो. तुम्ही जाणार असाल तर उन्हाच्या आधीच भोपाळ सोडा. औबेदुल्लागंजपर्यंत रस्ता छान, मग ट्रक वाढतात. भीमबेटका वाटेतच आहे, चुकवू नका. पाणी सोबत घ्या, वर काही मिळत नाही. चालायची वाट सोपी आहे, माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

दगडांच्या छताखाली लाल-पांढरी चित्रं. हरणं, रेडे, हत्ती, हातात हात घालून नाचणारी माणसं. केतकी पाटी वाचत होती, मी चित्रं वाचत होते, माझं आधी झालं. गाइड म्हणाला, "अम्मा, ये लोग लिखना नहीं जानते थे, तो गेरू से बना देते थे."

"और घरवालों ने ऊपर से ग्रे कलर नहीं मारा?"

"जी?"

"काही नाही, चला पुढे," विनय म्हणाला आणि माझ्या कोपराला धरून मला पुढे नेलं.

दुपारी नर्मदापुरमला पोचलो. शेठाणी घाटापर्यंत मोठी गाडी जात नाही, अलीकडे लावून चालत जा. नर्मदेचं दर्शन घेतलं, परत आलो, मी चहा टाकला. आणि साखर सापडेना. एक दार दाबलं, भांडी. दुसरं दाबलं, पोरीचे टॉवेल. तिसऱ्यात डबेच डबे, सगळे भाऊ-भाऊ. मी एकेक उघडून चाटून बघतेय. मीठ, रवा, पापडखार. तोंडाची पार चव गेली तोवर दूध उतू जाऊन नव्याकोऱ्या कपाटावर.

मंजिरी धावत आली. शेगडी बंद केली, माझ्या हातातला लायटर घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "आई, राहू द्या. तुम्ही बसा, मी करते. तुम्ही छान खिडकीतून बघा."

पाठ होतं ना मला? एक शब्दही बदलला नाही बाईने.

बसले. बाहेर पेरूवाला आत डोकावून म्हणाला, "अम्मा, ये गाड़ी है कि घर?"

"घर था भैया, अब दफ्तर बना दिया है."

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर केतकी स्वतःच टाइप करेल. उतू गेलेलं दूध त्या राखाडीवरून एका फडक्यात निघालं. माझ्या फुलांच्या दारावर ते महिनाभर चिकट राहिलं असतं.

पिपरियाला पोहे-जिलबी खाल्ली. जिलबी गरम होती, पोह्यांवर शेव सढळ होती आणि खिशाला काही जाणवत नाही. गाडीचं डिझेल इथेच भरून घ्या. मटकुलीच्या पुढे घाट लागतो. वळणं सुंदर, सागाचं जंगल सुंदर, मी मात्र माझ्याच गाडीत पाहुणी होऊन बसले होते, त्यामुळे मला काही सुंदर दिसत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर वरचं एक दार आपोआप उघडलं. मग समोरचं. दाबलं की उघडतं ना? वळणाने दाबलं. पांढऱ्या झाकणांचे डबे धडाधड खाली आले, मसूर डाळ केतकीच्या केसांत. विनयने कडेला गाडी घेतली आणि आम्ही सगळे गाडीची दारं उघडून वेचायला बसलो. बाहेर काळ्या तोंडाची माकडं जमली.

"मी म्हटलं होतं कड्या हव्यात," मी म्हणाले. मी असं काही म्हटलं नव्हतं, फक्त रंगाला शिव्या दिल्या होत्या, पण त्या गोंधळात कोण तपासतंय.

मंजिरी कपाटासमोर उभी राहून डबे जागेवर लावत होती. हात मागे करून म्हणाली, "आई, धण्याचा डबा द्या ना."

मी दिला एक.

"ही बडीशेप आहे. धणे. वर लिहिलंय बघा."

मी दुसरा दिला.

"आई, हा ओवा. तुमचा चष्मा कुठे आहे?"

"नाकावर आहे! चष्म्याला येतं का गं वाचता? मला येत नाही! लग्न होऊन आलीस तेव्हा बँकेत माझ्या अंगठ्याला शाई कुणी लावली होती? तूच ना? मग?"

मंजिरीचा हात तसाच हवेत. तेवढ्यात एका माकडाने पायरीवर चढून पावाची लादी उचलली, पण ओरडायलासुद्धा कुणाला सुचलं नाही.

मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही, चिडली. "मग त्याच दिवशी सांगायचंत ना आई! तेव्हापासून रंगावरून छळताय मला! सगळी दुपार बसून चिकटवलीत मी ती नावं. तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी होती तर मला विचारायचं होतंस!"

"तुम्ही नागपूरला होतात!"

"नागपूरला फोन लागत नाहीत का?"

विनय म्हणाला, "अगं, पाव गेला." दोघी एकदमच त्याच्यावर ओरडलो. तेवढ्यापुरती युती.

उरलेला घाट असा चढलो: माझ्या परकराचे दोन नाडे आणि तिच्या सलवारीचा एक, कपाटांवरून आडवे ताणून बांधलेले. तुम्ही गाडीतली जुनी कपाटं नवी करणार असाल तर रंग कुठलाही मारा, तुमच्या डोक्यावर. पण दार बाहेरून अडकणारं हवं. घाटात जाऊन शिकू नका.

पचमढीत रात्र न बोलता गेली. सकाळी मंजिरी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मला सुचलंय. चित्रांचे स्टिकर लावू. मिरचीचं चित्र, गाईचं चित्र…"

"बालवाडीत नाव घातलंस का माझं?"

ती उठून गेली. वाईट वाटलं का? वाटलं. पण गाईचं चित्र बघून दूध शोधण्याएवढी मी म्हातारी झालेली नाही.

मग ते तिघं जिप्सी ठरवायला बाजारात गेले. धूपगडला आपली मोठी गाडी नेऊ देत नाहीत, जिप्सीच करावी लागते. भाडं सांगतील त्यावर हसा आणि मग बोलायला सुरुवात करा. मी मागे राहिले. माझ्या पिशवीत देवाचं कुंकू असतं. वाटीत घेतलं, दोन थेंब तेल घातलं, कालवलं. एकेक दार उघडून आत काय आहे ते हुंगून-चाखून घेतलं. मीठ-मसाल्याच्या दारावर एक बोट. चहा-साखरेवर दोन. पोह्यांवर पाचही बोटं. तेलावर उभी रेघ, धारेसारखी. एक कोपऱ्यातलं दार रिकामंच होतं, ते कोरं सोडलं.

विनय आला आणि कळवळला. "आई! मॅट फिनिश आहे ते! डाग जाणार नाहीत!"

"डाग काय म्हणतोस? नवी वस्तू पूजेशिवाय वापरतात का? तुम्ही तर एक उदबत्तीसुद्धा लावली नव्हती."

त्याने फडकं उचललं. मंजिरी दारांसमोर उभी होती. तिने एक बोट पाहिलं, दोन पाहिली, रेघ पाहिली. पोह्यांचं दार उघडून आत बघितलं, बंद केलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग दाराला नमस्कार केला, इतका भक्तिभावाने की मलाच हसू यायला लागलं.

"ठेव ते फडकं, विनय," ती म्हणाली. "कुंकू पुसत नसतात."

तिने पर्समधून लायटर काढून मला दिला. मी पोहे केले. एकही चुकीचं दार उघडलं नाही, एकदाही बोट चाटलं नाही. मीठ थोडं जास्त पडलं, ते रागाने.

आता धबधबे. बी फॉलच्या पायऱ्या गुडघेवाल्यांनी उतरू नयेत. उतरताना मजा, चढताना जिप्सीवाला हॉर्न वाजवतो. मी वर मक्याचं कणीस खात बसले, चांगलं होतं. धूपगडचा सूर्यास्त बघाच. शेकडो माणसं आणि सूर्य बुडाला की दोन क्षण कुणी बोलत नाही. आमच्या घरात असं होत नाही. परतीच्या वाटेवर पिपरियाच्या हार्डवेअरच्या दुकानातून विनयने साध्या लोखंडी कड्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, "गौशाला के लिए?" मी म्हटलं, "हाँ, हम चार हैं."

घरी आलो. विनयने कड्या बसवल्या, नव्या दारांवर त्या अगदीच गावंढळ दिसतात, मला आवडल्या. पण माझी दारं काही परत येत नाहीत. कबाड्याकडे जाऊन आले, तो म्हणाला केव्हाच पुढे गेली. त्यावरून मी अजून विनयशी धड बोलत नाही आणि हे त्याने इथेच वाचावं.

गेल्या आठवड्यात मंजिरी गाडी धुवायला उतरली. मी थोड्या वेळाने गेले, कुंकू पुसलं का ते बघायला. तिची छापील नावं तिथेच होती, माझी बोटंही तिथेच होती, तिने त्यांच्या कडेकडेने पुसलं होतं. आणि कोपऱ्यातलं जे दार मी कोरं सोडलं होतं, त्यावर कुंकवाचे तीन ठिपके होते. माझे नव्हेत. माझं बोट जाड आहे, हे बारीक होते. दोन खाली, एक वर, चुलीचे तीन दगड मांडतात तसे.

आत काय आहे ते मला उघडायच्या आधीच कळलं होतं. कडी काढून उघडलं. लायटर आणि काडेपेटी.

दुसऱ्या माणसाने लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. रंग अजूनही भिकार आहे.