भीतीचं नाव-गाव

“घाबरू नको” असं महादेवीअक्का मला कधी म्हणाल्या नाहीत. बाकीचे वकील आधी खुर्ची देतात आणि लगेच “घाबरू नका, आम्ही आहोत ना” म्हणतात. अक्का खुर्ची द्यायच्या, पाण्याचा तांब्या पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, “घाबर की. कोण नको म्हणतंय? पण कशाला घाबरतीस त्येचं नाव-गाव सांग. निनावी भीतीवर समन्स बजावता येत न्हाई.”

पहिल्या भेटीत मला या बोलण्याचा रागच आला होता. कोर्टाच्या रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या दंडात सुई टोचते, रडणाऱ्यांना गप्प करते. पण त्या दिवशी तिथला जिना आईचा हात धरून चढले. हुपरीचं सासर सोडून आले होते. नवरा, महेश, माझा फोन तपासायचा आणि लॅबमधून यायला उशीर झाला की वरच्या खोलीत कोंडून खाली चांदीच्या कामाला बसायचा. एकदा श्रावणी, माझी लेक, दाराबाहेर रडत होती आणि मी आत. ते रडणं ऐकलं आणि ठरवलं, बास झालं. पण ठरवणं सोपं असतं हो. पुढं काय, ते कुणाला माहीत होतं?

अक्कांचं माहेर निपाणीकडचं. अंगानं भरदार, कपाळाला विभूतीची पुसट रेघ, पांढऱ्या साडीवर काळा कोट आणि कोटाच्या खिशात भाजके शेंगदाणे. आलेल्या प्रत्येक बाईला त्या कानडीतलं ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. सत्तर वर्षांची आजी आली तरी तंगीच! मी रडत रडत काहीतरी बरळले. त्यांनी शेंगदाणे चावत शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “हे झालं रडणं. आता येक येक भीती बोल.”

मी म्हटलं, मी आपल्या पायानं घर सोडलंय, आता माझा हक्क गेला का?

“कोंडून घातल्यावर बाहेर पडलीस. ह्येला घर सोडणं न्हाई, जीव वाचवणं म्हणत्यात. पुढची भीती बोल.”

मला पगार आहे, मग पोटगी मिळणार नाही म्हणतात. माझे दागिने त्यांच्या कपाटात आहेत. तो घटस्फोटाला तयारच झाला नाही तर मी जन्मभर अशीच लटकत राहणार का?

अक्का एकेका भीतीला उत्तर देत गेल्या. पगार असला तरी पोरीचा खर्च बापाला चुकत नाही. तुझ्या अंगावर घातलेलं सोनं तुझं, सासूनं कुलूप लावलं म्हणून ते तिचं होत नाही. दोघं राजी असाल तर वाट जवळची, तो राजी नसला तर लांबची. पण वाट हाय. माझ्या आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “वकीलबाई, खरी भीती तिनं सांगितलीच न्हाई.”

खरी भीती श्रावणीच्या वाढदिवसाची होती. हुपरीत, आमच्या गल्लीत, आईच्या भिशीतल्या बायकांत, सगळीकडं एकच पक्कं ठाऊक होतं: पोर पाच वर्षांची होईपर्यंत आईची, पाच पूर्ण झाली की बापाची. सासऱ्यांनी मध्यस्थाकरवी निरोपही धाडला होता, “वाढदिवसाला न्यायला येतोय, पोरीचे कपडे भरून ठेवा.” कॅलेंडरचं पान उलटायचं मी टाळायचे. लोक लेकीच्या वाढदिवसाची वाट बघतात आणि मी देवीला साकडं घालत होते की तो दिवस येऊच नये.

हे ऐकल्यावर अक्कांचं चावणं थांबलं. मग म्हणाल्या, “पाचच्या आत आईकडं, ह्यो साधारण नियम हाय. पण पाचच्या पुढं बापाकडं, असं कायद्यात कुठं लिवलंय? पुढं कोर्ट बघतंय पोराचं भलं कुणाकडं हाय ते. त्यात बाप बी येतो, आई बी येते. वाढदिवस येत न्हाई.”

त्यांनी कोर्टात श्रावणीच्या ताब्याचा अर्ज दाखल केला. तरीही वाढदिवसाच्या सकाळी मी फोन करून विचारलं, “अक्का, घराला कुलूप लावून मलकापूरला मावशीकडं जाऊ का?”

“पळालीस तर उद्या तीच माणसं म्हणतील, पोरगी घेऊन पळाली. घरातच बस. केक आण, फुगे लाव. मी येते.”

आणि खरंच आल्या. भर उन्हात रिक्षातून उतरल्या, कोटासकट. उंबऱ्याच्या आत, दारातच खुर्ची टाकून बसल्या. आईनं औक्षण केलं, श्रावणीनं केक कापला, आणि अक्कांच्या हातात बशी दिली तेवढ्यात गल्लीत बोलेरो थांबली. सासरे, सासूबाई, महेश आणि मध्यस्थ म्हणून दोन पाहुणे. सासूबाईंच्या हातात नव्या कोऱ्या पैंजणांची डबी होती. ही माणसं भांडायला आली नव्हती, हेच मला भयंकर वाटलं. हसतमुखानं, आपली ठेव सोडवून न्यायला आल्यासारखी आली होती. श्रावणीला मी मागून दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“या पावणं,” अक्का खुर्चीवरूनच म्हणाल्या. “वाढदिवसाला आलाय, केक खाऊन जावा.”

“केक खायला न्हाई आलो,” सासरे म्हणाले. “पोरगीला न्यायला आलोय. पाच पुरी झाली, आता कायद्यानं ती बापाची.”

“कुठल्या कायद्यानं?”

“समद्या गावाला ठावं हाय की.”

“गावाचा कायदा गावात ठेवा, पावणं. पाच पुरी झाली की एस्टीचं अर्धं तिकीट लागतंय. आई बदलत न्हाई.”

एका पाहुण्याला हसू फुटलं. त्या हसण्यानं महेश भडकला. चपला न काढता आत घुसला आणि त्यानं श्रावणीचा दंड धरला. पोरगी किंचाळली. मी एका बाजूनं धरलेली, तो दुसऱ्या बाजूनं.

अक्का उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. “हात सोड. अर्ज कोर्टात हाय. लेकीला भेटायचा तुझा हक्क हाय, त्यो मी सोता तुला मागून देते. पण आज तिला अशी वढून नेलीस, तर उद्या जज्जसाहेबांम्होरं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाशील? आणि तिच्या म्होरं?”

श्रावणी मुसमुसत होती. मग सासरेच म्हणाले, “महेश, हात सोड.” सासूबाईंनी पैंजणांची डबी उंबऱ्यावर ठेवली आणि डोळे पुसत निघाल्या. त्या बाईचंही मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

गाडी गेल्यावर मी अक्कांकडं वळले. बशी अजून त्यांच्या हातात होती आणि ती थडथडत होती. केकचा चुरा कोटावर सांडला होता. एवढी धीराची बाई! त्यांनी पाणी मागितलं.

“अक्का, तुम्ही घाबरला?”

“घाबरले की.”

“मग नाव-गाव सांगा,” मी हसायचा प्रयत्न केला.

त्यांनी श्रावणीच्या दंडावर उठलेले वळ बघितले. “ते नंतर,” म्हणाल्या आणि केक न खाताच गेल्या.

पुढं तारखा पडत राहिल्या. साक्षीच्या आधी अक्कांनी मला दुपारच्या सुट्टीत रिकाम्या कोर्टात नेलं आणि पिंजऱ्यात उभं केलं. “हितं घाबरून घे पोटभर. उद्या भीती जरा कमी वाटंल.” खरंच कमी वाटली. शेवटी महेश समजुतीला आला. घटस्फोट झाला, श्रावणी माझ्याकडं राहिली आणि दर रविवारी तिनं हुपरीला बापाकडं जायचं ठरलं. मी अक्कांच्या गळ्यात पडले. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, “संपलं म्हणू नको, तंगी. रविवारी ती जाणार आणि तुझ्या पोटात गोळा येणार. त्येला कलम न्हाई.”

नंतरच्या पावसाळ्यात अक्कांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन दोन दिवसांवर असताना मी श्रावणीला घेऊन दवाखान्यात गेले. कोट नाही, विभूती नाही. खाटेवर त्या एवढ्याशा दिसत होत्या. हात हातात घेतला तर गार. लोकांच्या दंडाला हात लावण्यात माझं आयुष्य चाललंय, भीतीनं गार पडलेला हात मला कळतो.

“अक्का, नाव-गाव सांगा,” मी म्हटलं. या वेळी थट्टा नव्हती.

त्यांनी नजर छताकडं वळवली. “नाव बसवराज,” म्हणाल्या. “गाव गडहिंग्लज.”

तो त्यांचा मुलगा. अक्कांना मुलगा आहे हे कोर्टातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मी नवरा सोडून माहेरी हुते. बसूच्या पाचव्या वाढदिवसाला त्येच्या बापाची माणसं आली. पाच झाली की पोरगा बापाचा, असं माझा बा म्हणाला, आई म्हणाली, सारी गल्ली म्हणाली. मी त्येला नवा शर्ट घातला, डोसक्याला तेल लावलं आणि माझ्या ह्या हातानं गाडीत बसवला. समदी म्हणत होती, घाबरू नको, पोरगा कुठं जातोय?” त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. “मी घाबरले न्हाई. तिथंच चुकलं. कायदा मी नंतर शिकले, तंगी. तवर त्यो माझ्याकडं बघून दुसरीकडं तोंड फिरवायला शिकला हुता.”

त्या दिवशी दारात त्या कुणाच्या बाळासाठी उभ्या होत्या ते मला आता कळलं.

“मग त्यांना बोलावूया की, अक्का.”

“आणि त्यो आला न्हाई तर?” त्यांनी माझा हात घट्ट धरला. “तसंच हाय ते बरं हाय. माझ्या समन्सला शिक्का न्हाई.”

मी त्यांना न विचारता तशीच श्रावणीला घेऊन स्टँडवर गेले आणि गडहिंग्लजची एस्टी धरली. वाटभर एकच मनात येत होतं. आपण कोण, कुणाच्या घरात तोंड घालतोय? गडहिंग्लजला उतरल्यावर विचारत विचारत बसवराजचं खताचं दुकान सापडलं. कानांवर केस पिकलेला माणूस, नाक सगळं अक्कांचं. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं.

“तिनंच मला गाडीत बसवलं,” तो म्हणाला. “रडली बी न्हाई.”

“तुम्हाला आठवतंय?”

“शर्ट आठवतोय.”

मग मी सगळं सांगितलं. पाच वर्षांच्या त्या खोट्या नियमाचं सांगितलं, माझ्या दारातलं सांगितलं, थडथडणारी बशी सांगितली. तो गिऱ्हाईकाची पोती मोजत राहिला. श्रावणीला त्यानं समोरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणून दिला आणि मला एवढंच म्हणाला, “बघतो.” परतीच्या गाडीत मला रडू आवरेना. अक्कांना भीती वाटत होती तेच मी आपल्या पायानं जाऊन खरं करून आले, असं वाटत राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर तो बसलेला होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. कधीपासून बसला होता कोण जाणे.

“आत गेला न्हाईसा?” मी विचारलं.

“भ्या वाटतंय ओ,” तो म्हणाला. एवढा मोठा माणूस!

‘घाबरू नका’ हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. मी ते गिळले. “घाबरा की,” म्हटलं. “पण आत जाऊन घाबरा. त्या बी घाबरल्यात.”

तो उठला आणि आत गेला. आत काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा अक्कांचा हात त्याच्या हातात होता.

त्यानंतर अक्कांना एकच दिवाळी लाभली. त्या पहाटे बसूनं अभ्यंगाचं तेल डोक्याला लावलं, असं त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं. थंडीत गेल्या. त्यांच्यात दहन न करता पुरतात, त्या रिवाजाप्रमाणे बसवून, कपाळभर विभूती लावून नेलं आणि पहिली माती बसवराजनं दिली. भोवती उभ्या असलेल्या कितीतरी बायका एकमेकींना ओळखत नव्हत्या. सगळ्या त्यांच्या तंगी.

आता श्रावणी दुसरीत आहे. रविवारी संध्याकाळी मी स्टँडवर उभी असते. महेश तिला हुपरीच्या गाडीनं आणून सोडतो. आजवर तो एकदाही चुकला नाही, तरी गाडीला जरा उशीर झाला की माझे हात गार पडतात. आई म्हणते, “कोर्टाचा निकाल हाय की हातात, आता कशाला घाबरतीस?” मी तिला काही सांगत नाही. गाडी स्टँडात वळेपर्यंत मान वर करून रस्त्याकडं बघत राहते आणि मनातल्या मनात म्हणते, नाव श्रावणी, गाव हुपरी.