आमचा ब्रिटनचा पेपर

काळजी करणाऱ्या माणसाकडे किस्से भरपूर साठतात, हे माझं स्वतःवरून काढलेलं निरीक्षण. निवांत माणूस घडलेलं विसरून झोपून जातो. आम्ही मात्र कोण काय म्हणालं, कसं म्हणालं आणि म्हणताना पंख्याकडे का बघत होतं, याची उजळणी करत बसतो!

मी तेलंगणातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आदिलाबादच्या एका कॉलेजात एम.ए.च्या पोरांना 'आधुनिक ब्रिटनचा इतिहास' हा पेपर शिकवते. तोही गाइडमधून नाही, अस्सल साधनांतून. त्या काळच्या साक्षी, अहवाल, वर्तमानपत्रं इंटरनेटवर शोधायची, प्रिंट काढायची आणि वर्गात बसून वाचायची. पोरं मोजकी, माझी नोकरी कॉन्ट्रॅक्टची. त्यामुळे काळजीला कधी सुट्टी नसते.

*

वर्षाच्या सुरुवातीलाच प्रिन्सिपॉल सरांनी बोलावलं.

"मॅडम, इंग्रज गेले ना निघून? मग तुमी काऊन त्यांच्या मागं लागून राह्यल्या?"

मी हसले. सर हसले नाहीत.

"व्हायव्हाले हैदराबादहून साहेब येतीन. ते रिपोर्ट देतीन. त्याच्यावर ठरंन, पेपर ठेवाचा का बंद कराचा."

"आणि सर, मी?"

"पेपर असंन त तुमी असान!"

मी 'थँक यू सर' म्हणून बाहेर आले. कशाबद्दल थँक यू, ते अजून मला कळलेलं नाही.

*

वर्गात मी पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. हे कोणी लिहिलं? कोणासाठी? का? कुठलाही कागद हाती आला की आधी हे तिन्ही विचारायचे, मगच त्यावर विश्वास ठेवायचा.

प्रवीणने हे फारच मनावर घेतलं. त्याच्या वडिलांचा इचोड्याला हायवेवर ढाबा आहे. दुसऱ्याच दिवशी वडिलांचा फोन.

"मॅडम, पोराले काय शिकवून राह्यल्या तुमी? गल्ल्यावर बसवलं, त गिऱ्हाइकासमोर मले इचारते, 'घरच्यासारखं जेवण' हा बोर्ड कोनी लिवला, कोनासाठी लिवला!"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगू? त्याची माय मागंच उभी होती!"

*

अर्चना जवळच्याच मावला गावची, वर्गातली सगळ्यात हुशार. मध्यस्थाने तिच्यासाठी एक स्थळ आणलं. बायोडाटात लिहिलं होतं, मुलगा निर्व्यसनी, स्वभावाने शांत. पाहुणे बघायला आले तेव्हा अर्चना सगळ्यांसमोर म्हणाली, "हे मुलाकडच्यांनीच लिहिलंय. दुसरं साधन पाहिजे." आणि मुलाच्या गावात राहणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीला तिथल्या तिथे फोन लावला. त्या साधनातून जे बाहेर आलं, त्यानंतर पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही!

तिची आई कॉलेजात आली तेव्हा मी आधी सरांच्या केबिनचं दार बंद आहे का ते बघितलं. पोरीचं लग्न मोडल्याची तक्रार सरांकडे गेली, तर व्हायव्हापर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

आईने आजूबाजूला बघितलं. पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, दुसरं स्थळ आलं. हे बी जरा तपासून द्या ना!"

*

एकदा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या जुन्या तक्रारी वाचायला घेतल्या. हिंदुस्थानातून येणारा कापूस ओला असतो, कचऱ्याचा असतो, सूत तुटतं, वगैरे. आमच्या वर्गात जवळपास सगळी पोरं कापसाच्या घरची.

प्रवीण म्हणाला, "मॅडम, हे जुनं आहे का कालच्या मार्केट यार्डातलं?"

अर्चना म्हणाली, "गिरणीवाल्याचं झालं. कापूसवाला काय म्हणाला, ते कुठाय?"

मग सगळी पोरं आपापल्या मोबाइलवर शोधायला लागली. तास संपला, पुढचा तास संपला. कापूसवाल्याची एक ओळ सापडेना. मला फार वाईट वाटलं, आणि लगेच काळजीही वाटली, की परीक्षेतही कोणाला काहीच सापडलं नाही तर?

*

आता रुखमा. रुखमा बेला गावची, लग्न झालेली. नवऱ्याच्या मोटारसायकलवर यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. पेपर लिहायची सुरेख! पण तोंडी काही विचारलं की एकच उत्तर.

"रुखमा, समजलं का?"

"हो."

"की नाही समजलं?"

"हो."

व्हायव्हाच्या तयारीला मी खोटी परीक्षा घेतली. मीच बाहेरचे साहेब झाले, चष्मा नाकावर ओढला. सहा-सात प्रश्नांना रुखमा 'हो' म्हणाली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मग मी जाऊ का घरी?" त्यालाही "हो!" पोरं हसून लोळली. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली. "मॅडम, कोनी साहेब इचारू लागले का मले हो च येते. तहसीलमध्ये बी असंच झालं. गिर्दावर, म्हंजे जमिनीच्या नोंदीचे साहेब, नकाशावर बोट ठेवून म्हने, 'ही जमीन तुमची?' मी म्हनलं, हो. ते शेजाऱ्याची होती!"

"अगं बाई! मग?"

"मग काय! शेजारी आमच्याशी बोलत नाही. आमचे हे माह्याशी बोलत नाहीत. कागदावर मात्र मी हो म्हनलं, असं पक्कं लिवलं आहे."

*

व्हायव्हाचा दिवस उजाडला. साहेब हैदराबादचे, पण घरची भाषा मराठी निघाली. आम्हाला जरा हायसं वाटलं. मग जास्तच भीती वाटली, कारण आता भाषेचं निमित्तही उरलं नाही!

मला साहेबांच्या शेजारी बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. साहेब विचारत, ऐकत आणि रिपोर्टाच्या कागदावर लिहीत. चेहऱ्यावर काही नाही. प्रवीण सगळं पाठ करून आला होता. आत आला आणि साहेबांना "नमस्कार मॅडम" म्हणाला. नंतर त्याला सावरताच आलं नाही. अर्चना बरं बोलली, पण तिने साहेबांनाच दोनदा विचारलं, "सर, हे तुम्हाला कुठून कळलं?"

मला उलटं वाचता येतं. मान वाकडी करून बघितलं तर साहेबांच्या इंग्रजीतला एकच शब्द दिसला: 'हाउएव्हर'. त्या एका शब्दापुढे काय काय असू शकेल, याची दहा वाक्यं मी मनातल्या मनात इंग्रजीत रचली.

*

शेवटी रुखमा आत आली. पदर घट्ट धरलेला. साहेबांनी तिच्यापुढे एक साक्ष ठेवली. इंग्लंडच्या गिरणीत काम करणाऱ्या एका पोरीला चौकशी समितीने प्रश्न विचारले होते, त्याचा कागद. आम्ही तो वर्गात वाचला होता.

"वाचलंय?"

"हो."

"यात ती म्हणते, मालक आम्हाला नीट वागवतात. मग तिथे पोरांना त्रास नव्हता, असं म्हणायचं?"

"हो."

साहेबांनी लिहिलं. मी टेबलाखाली स्वतःचाच हात दाबून धरला.

"म्हणजे या कागदावर विश्वास ठेवायचा?"

"हो."

लिहिलं.

"की ठेवायचा नाही?"

"हो."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि लांबलचक ओळ लिहायला घेतली. माझ्या डोळ्यांसमोर पेपर गेला, नोकरी गेली, घरी आईला काय सांगायचं तेही ठरवून झालं.

रुखमा त्या पेनाकडे बघत होती. एकदम म्हणाली, "साहेब, मी हो म्हनलं, ते तुमी लिवलं?"

"लिहिलं. का?"

"मी भिऊन म्हनलं. ते लिवलं का?"

साहेबांचं पेन थांबलं.

"ते पोरगी बी अशीच उभी असंन. समोर इतके मोठे साहेब. मालक बाहेर बसला असंन. ते दुसरं काय म्हनंन?" रुखमाने साक्षीच्या कागदावर बोट ठेवलं. "तिचं हो लिवलं. तिचं भेव कोनीच नाही लिवलं."

साहेबांनी लिहिलेल्या ओळींवर सावकाश आडव्या रेघा मारल्या आणि कोरी जागा शोधून पुन्हा लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मी मान वाकडी केली, पण त्यांचा हात मध्ये येत होता.

रुखमानेही मान वाकडी केली.

"साहेब, आता हे तुमी कोनासाठी लिवून राह्यले? आन् काऊन?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, रुखमाकडे बघितलं आणि म्हणाले,

"हो."