एकचाकीवरचा दगड

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. अक्षर किरटं आहे, वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी हे मला आजही कळत नाही. कुणी वाचलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं. माणसांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून लिहून बघते आहे.

हे गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. दगडानं सांगितली. दुपारची वेळ होती, गडावर ढग उतरलेला आणि मी दाराशेजारच्या चुलीपुढं बसलेली. अंगणात एकचाकी थांबल्याचा आवाज आला. मग कुणीतरी नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी दगड ठेवला. हे परत आले की आधी घसा खाकरायचे. त्या दिवशी कुणी खाकरलं नाही. मी हात बाहेर काढून दगडाला लावला. गार होता... डोहातून आत्ता काढल्यासारखा गार. मी हात तसाच ठेवून बसले. मग बाहेर तानाजी भाऊजींचं, म्हणजे यांच्या चुलतभावाचं, रडणं ऐकू आलं.

दगडाचं सांगायचं तर आधी गाडीचं सांगायला हवं. आमचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला, गडाच्या पायथ्याशी. सुट्टीला पुण्या-मुंबईची पोरं गड चढायला येतात. कुणी पाय मोडून घेतो, कुणी घसरून कड्याच्या अंगाला अडकतो. पूर्वी अशा माणसाला घोंगड्याच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून खाली आणायचे. वाट एका माणसापुरती. खांदा बदलायला जागा नाही, झोळी हिंदकळते, आतला माणूस ओरडून ओरडून गप्प होतो. हे फौजेत होते तेव्हा यांचं कामच जखमींना उचलून आणायचं होतं. नोकरी संपवून गावी आले आणि त्याच वर्षी एक मुलगी झोळीतच गेली. बांबूच्या एका टोकाला हेच होते. त्यानंतर कितीतरी दिवस हे जेवताना ताटात बोटानं चाक काढत बसायचे.

मग मला घेऊन माझ्या माहेरी, माधवनगरला गेले. तिथं माझ्या भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. यांनी फरशीवर खडूनं चित्र काढलं. लोखंडी पाइपांची माणसाएवढी चौकट, तिला ताणून बांधलेलं जाड कापड, खाली मधोमध मोटारसायकलचं एकच चाक आणि पुढं-मागं धरायला दांडे. चाक एकच, कारण वाटच तेवढी. पुढं एकानं धरायचं, मागं एकानं, आणि ओझं चाकानं वाहायचं.

गाडी तयार झाली तसा दादा हसायला लागला. "दाजी, ही गाडी हाय का तिरडी?"

"तिरडीला ब्रेक नसतो रं. हिला चांगला बसीव."

"अन् पयलं गिऱ्हाईक कोण?"

"तूच. नीज बघू."

दादा काही निजला नाही. कापड ओढून बघितलं, दांडे हलवून बघितले, पण अंग टाकलं नाही. शेवटी हेच आडवे झाले. हात छातीवर घेतले, डोळे मिटले. दुकानातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. मला राहवलं नाही. "आवं, उठा," मी म्हणाले. यांनी एक डोळा उघडला. "एवढ्या लांबनं आलो, जरा पडू तरी दे की," म्हणाले, आणि सगळे हसले. मी हसले नाही.

रिकामी गाडी चढाला नेली की खडकांवर उड्या मारायची, कलंडायची. म्हणून यांनी ओढ्यातला एक काळा गुळगुळीत दगड आणला. चढताना तो कापडावर, बरोबर चाकाच्या वर. दम खायला थांबलं की गाडी मागं घरंगळू नये म्हणून तोच काढून चाकाखाली उटी लावायचा. उतरताना जखमीच्या पायांशी, कांबळ्यात. त्यामुळं माणूस जिवंत आला तर दगड कोमट यायचा आणि वाटेत गेला तर गार. हे आल्यावर मी काही विचारत नसे. दगडाला हात लावला की मला कळायचं, आणि त्याप्रमाणं मी चहा ठेवायची किंवा आंघोळीचं पाणी.

एकदा मी म्हणाले, वजनच हवं तर एखादी वाळूची पिशवी ठेवा, दगड कशाला वागवता? हे बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "रिकामी न्हेली तर वाटंत कोण बसतंय ते दिसत न्हाई. दगुड असला म्हंजे जागा भरलेली ऱ्हाती."

हे गेले त्या दिवशी एका मुलीचा पाय मुरगळला होता, एवढंच. वर टाक्यापाशी हे म्हणाले, "जरा टेकतो." टेकले ते उठलेच नाहीत. ती मुलगी मैत्रिणींच्या खांद्याला धरून लंगडत उतरली आणि गाडीवर हे आले.

दुसऱ्या दिवशी नदीकडची वाट चिखलानं निसरडी झालेली. खांदेकऱ्यांचे पाय ठरेनात, म्हणून तिरडी एकचाकीवरच ठेवून नेली. बाकीचं मला तानाजी भाऊजींनी नंतर सांगितलं. नदीवर तिरडी उतरवली, गाडी धरून भाऊजी उभे, चाकाखाली तो दगड. मडक्याला भोक पाडायला कुणीतरी दगड मागितला आणि घाईत एकानं चाकाखालचाच उचलून दिला. तोच यांचा जीवखडा झाला; दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात राहतो म्हणतात. भाऊजी म्हणाले, "दगुड काढला अन् गाडीनं मला वढलं वैनी. तिथला उतार नदीकडं हाय. गाडी मात्र गावाकडं वढत हुती."

दहाव्याला तो दगड नदीत सोडला. गाडी आमच्या परड्यात भिंतीला टेकवून ठेवली. तिच्या कापडावर कोंबडीसुद्धा बसत नसे. आमच्या परड्यातली माती काळी आहे, तांबडी माती फक्त वर, टाक्यापाशी. मी चाक पुसून ठेवायची. सकाळी बघावं तर खाचांमध्ये ओली तांबडी माती. आधीची राहिली असेल म्हणून मी पुन्हा पुसायची... पुन्हा असायची. त्याची मला भीती वाटली नाही. भीती वाटायची ती गाडी गंजून जाईल आणि गावात पुन्हा झोळी निघेल याची.

मग एका रविवारी तसाच ढग उतरला आणि दोन पोरं धापा टाकत खाली आली. त्यांचा सोबती कड्याखाली पडला होता, मांडीचं हाड बाहेर आलं होतं. भाऊजी आणि आणखी तिघं गाडी घेऊन निघाले. देवळाच्या वळणावर ती कलंडली, उचलली, पुन्हा कलंडली. चौघं परत अंगणात.

"न्हाई येत ती," एकजण म्हणाला.

"आरं, मग दगुड ठेव की एखादा."

"तू ठेव. फौजीच्या दगडाचं काय झालं, बघितलं न्हाईस व्हय?"

"मी न्हाई बाबा. झोळीच काढा."

ती दोन पोरं आळीपाळीनं चौघांच्या तोंडाकडं बघत होती. झोळी म्हटल्यावर मला ताटात चाक काढणारं ते बोट दिसलं. मी आत गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला, पदरानं पुसला आणि पुरुषांच्या मधून जाऊन गाडीवर ठेवला. बरोबर चाकाच्या वर. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा आवाज फुटेना. मग फुटला.

"ह्यो बारशाचा हाय. गावातलं प्रत्येक पोर पाळण्यात ह्याच्याशेजारी निजलंय. तुमी बी. ह्याला टोपडं घालून पाळण्याखालनं दिला-घेतला, तवा कोण मेलं?"

भाऊजींनी दांडा धरला. "चला रं. आन् वैनी, आता चटणी कशावर वाटशीला?"

"तुमी आणून द्या लवकर," मी म्हणाले.

देवळाच्या वळणावरून गाडी सरळ गेली. संध्याकाळच्या आत तो मुलगा खाली आला. भाऊजींनी वरवंटा उंबऱ्याशी ठेवला. मी हात लावला आणि चहाचं आधण ठेवलं.

आता वरवंटा गाडीबरोबर जातो-येतो. आल्यावर मी धुते आणि त्यावरच वाटण वाटते. परवा पुन्हा बोलावणं आलं होतं, वर कुणाला तरी चक्कर आली म्हणून. वर जाईपर्यंत तो माणूस सावरला आणि आपल्या पायांनी उतरला. गाडीवर कुणीच नव्हतं, दिवसभर ऊनही नव्हतं. भाऊजींनी वरवंटा उंबऱ्याशी ठेवला आणि ते घरी गेले. मी सवयीनं हात बाहेर काढला.

कोमट होता.

मी तो लगेच धुतला नाही. चुलीपुढं तशीच बसून राहिले... बाहेर कुणी खाकरतंय का, ते ऐकत.