बैल न लागलेली बाग

एकोणीसशे सत्तरच्या आसपास भोरात परसबागांची स्पर्धा असायची. पहिलं बक्षीस पितळी घागर. घरात घागरींची वाण नव्हती, पण ही घागर मला हवी होती. मागल्या वर्षी ती शेजारच्या आळीतल्या मास्तरांनी पटकावली होती आणि ओसरीवर अशी ठेवली होती, की कोरलेलं नाव रस्त्यावरून वाचता यावं.

मी सगळं परसू कुदळीनं खणलं. माठ पेरला तो दोरी धरून, दोन ओळींत बरोबर वीतभर अंतर. भेंडी, दोडका, पडवळ लावलं. मोरीच्या पाण्यावर अळू सोडला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचो, "बैलाचा खूरसुद्धा लागलेला नाही इथं."

बायको म्हणाली, "अहो, हे जरा हळू सांगा."

मेहनतीची लाज कसली, असं मी तिला विचारलं.

तपासणीचे साहेब गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी येणार होते. मधला दिवस ऋषिपंचमीचा. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा माझ्या माठाशी संबंध आहे, हे सकाळी कळलं. पलीकडच्या घरच्या म्हातारबाई सूप घेऊन दारात उभ्या होत्या.

"आमच्या शेतातलं आज चालत न्हाई. तुमीच म्हनला न्हवं, बैल लागला न्हाई म्हून?"

"आजी, उद्या साहेब येणारेत. परवा न्या."

"मग ऋषींना सांगू व्हय, सायब येऊन जाईस्तोवर थांबा म्हून?"

त्यांच्या मागं आळीतल्या बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात सूप नाहीतर टोपली. व्रताच्या भाजीला नाही म्हणता येत नाही. विळा बायकोनंच आणून दिला. मी फक्त सगळ्या ओळी सारख्या कापल्या जातील एवढं बघितलं. दुपारी बागेत एका उंचीचे देठ वीतवीतभर अंतरावर उभे होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बागेला एक चक्कर मारली.

"माठ कुठंय?"

"आळीनं खाल्ला. थोडा तुमच्या घरीही गेला, साहेब. वहिनींनी शिपाई पाठवला होता."

"असं होय," साहेब म्हणाले. "कोवळा होता. पण मार्क जागेवर दिसतं त्यालाच देता येतात."

घागर पुन्हा मास्तरांकडे गेली. त्यांनी परसात भाड्याचे बैल घातले होते, म्हणून ऋषिपंचमीला त्यांच्या दाराकडे कोणी फिरकलं नव्हतं.