टचपॅडनं तात्यांना ‘कालकथित’ केलं

“आमी गेलो कवा, तेवढं सांगा. मंजे आमच्या पुण्यानुमोदनाला आमालाबी येता यील!”

मी प्रेसच्या दारात चप्पल काढत होते, तेव्हा हे कानावर पडलं. बोलणारे होते वरवे बुद्रुकचे तात्या, काठी टेकवून उभे. समोर प्रेसचे मालक विलासभाऊ खाली मान घालून बसलेले. आणि कोपऱ्यात लॅपटॉपपुढे शैला. पत्रिका, हँडबिलं, सगळं टाइप करणारी ती. रडून डोळे लाल झाले होते तिचे.

भोरला एसटी स्टँडजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “ताई, व्हायरस आलाय, लगेच या.” आमच्याकडे कशालाही व्हायरसच म्हणतात. चार्जरची वायर उंदरानं कुरतडली तरी व्हायरस.

प्रकार असा होता. तात्यांच्या नातीचं लग्न. पत्रिकेत आजोबांची नावं दोन, वर तात्यांचे थोरले भाऊ दगडूदादा, खाली तात्या. दगडूदादा वारलेले. बौद्ध घरांत तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन करतात, तसं अशा नावाआधी ‘कै.’ नाही, ‘कालकथित’ लिहितात. तो शब्द पहिल्यांदा राहून गेला, म्हणून घरच्यांनी दुरुस्ती सांगितली. शैलानं शब्द घातला. पण तो लागला खालच्या ओळीत, तात्यांच्या नावाआधी! विलासभाऊंनी न वाचता प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तात्यांच्या घरातल्या कुणी उत्साहानं ते पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकलं. झालं. वेल्ह्याहून नवऱ्या मुलाच्या वडिलांचा फोन आला, की तात्या गेले आणि आम्हाला साधं कळवलंही नाही?

“फोन म्याच उचलला,” तात्या म्हणाले. “पाव्हण्याच्या तोंडातनं शबुदच फुटंना.”

मला हसू फुटत होतं. पण शैलाकडे बघून गिळलं.

“हिला सांगितलंय, उद्यापासून येऊ नको,” भाऊ म्हणाले. “मागं वास्तुशांतीच्या पत्रिकेत पत्त्याच्या मधोमध जेवणाची वेळ घुसवली हिनं. लक्षच नसतं. तुम्ही मशीन साफ करून ठेवा, नवीन माणूस बघतोय मी.”

“लक्ष असतं हो, ताई,” शैला म्हणाली. “मी एकीकडं टाइप करते, ते भलतीकडंच उमटतं. किती वेळा सांगितलं ह्यांना. माझं घर ह्याच कामावर चालतं, मी कशाला मुद्दाम करीन?”

मी स्टूल ओढून बसले. व्हायरस शोधला, नव्हता. कीबोर्डची एकेक की तपासली, ठणठणीत. मग स्वतः चार ओळी टाइप केल्या. काही झालं नाही.

“बघा! तुमच्या हाताखाली कसं नीट चालतंय,” भाऊ म्हणाले.

चालणारच. मी टाइप करते दोन बोटांनी, कोंबडी दाणे टिपते तशी. माझे हात कायम हवेत.

“शैला, तू बस. तीच दुरुस्ती पुन्हा कर. भाऊ, तुम्ही स्क्रीन बघा. मी हिचे हात बघते.”

शैलानं माऊसनं दगडूदादांच्या नावाआधी क्लिक केलं, दुरुस्त्यांच्या कागदाकडे नजर लावली आणि टाइप करायला लागली. ती टायपिंग क्लासमध्ये शिकलेली. तिथं पहिला धडाच हा, की नजर कागदावर. स्क्रीनकडे बघत बसणारा टायपिस्ट कच्चा. आणि आधीची कित्येक वर्षं तिनं डेस्कटॉपवर काम केलेलं. तिथं कीबोर्डच्या पुढं टेबलाची मोकळी फळी असायची, त्यावर ती तळहात टेकवायची. आता भाऊंनी लॅपटॉप आणला. त्यात नेमकं त्या जागी टचपॅड. म्हणजे बटणांखालचा तो गुळगुळीत चौकोन, ज्यावर बोट फिरवलं की बाण हलतो. नुसतं बोट टेकवलं तरी ते क्लिक धरलं जातं, त्याला टॅप म्हणतात. आता बोट कुठलं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग कुठला, हे त्या चौकोनाला दर वेळी कळतंच असं नाही. हात घासला, बाण सरकला. हात टेकला, क्लिक झालं. पुढची अक्षरं बाण जिथं उभा असेल तिथं पडणार.

“थांब, थांब!” भाऊ ओरडले. “खालच्या ओळीत गेलं की!”

“परत मारलं व्हय मला?” तात्यांनी विचारलं.

शैलानं वर बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. “मी वरच क्लिक केलं होतं.”

“सगळ्यांनी बघितलंय,” मी म्हणाले. “हातही बघितला.”

पुढचं काम किरकोळ. सेटिंग्ज उघडल्या, टचपॅडवर गेले. माऊस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवायचं का, अशी तिथं एक ओळ असते. तिच्यापुढची टिक काढली.

“माऊस तर कायम लावलेलाच असतो,” भाऊ म्हणाले. “मग ते पॅड चालू कशाला ठेवतात?”

“ते तसंच येतं. आपण कधी उघडून बघत नाही.”

भाऊ कधीमधी लॅपटॉप घरी नेतात, माऊस इथंच राहतो. तेव्हा पॅड आपोआप चालू होणार. म्हणून टॅपनं क्लिक होणंही बंद केलं आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पॅडचा हळवेपणा, कमीत कमी ठेवला. क्लिक हवं तर पॅडचा खालचा कोपरा चांगला दाबायचा. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही नावं थोडी वेगळी दिसतील, पण टचपॅड म्हणून शोधलं की सापडतं.

शैलानं सगळी पत्रिका नव्यानं टाइप केली. तळहात मुद्दाम टेकवून. शब्द जागचा हलला नाही. तात्यांनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली आणि मान डोलावली.

“बरं, ये मग उद्या,” भाऊ पुटपुटले, ते पण कॅलेंडरकडे बघत.

शैला जागची उठली नाही. “भाऊ, मला काढलंत ते तात्यांच्या समोर. ठेवताय ते पण त्यांच्यासमोरच नीट सांगा.”

शाब्बास गं बाई, मी मनात म्हटलं.

भाऊंनी घसा खाकरला. “तात्या, चूक शैलाची नव्हती. मशीनची होती. आणि प्रूफ मी वाचलं नाही.”

“आमास्नी सांगून काय उपेग?” तात्यांनी मोबाईल पुढं केला. “वेल्ह्याला लावा. आमी जित्तं हाय ते म्या सांगितलंय. पर ह्या पोरीनं घोळ केला म्हून बी म्याच सांगून बसलोय. ते तेवढं तुमी निस्तरा.”

भाऊंनी फोन लावला. तात्यांनी हात लांब करून स्पीकर चालू केला. भाऊंनी सगळं सांगितलं, प्रूफ न वाचल्याचंही.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. काही बिघडलं की आधी सेटिंगमधली टिक काढून बघायची. माणूस काढायला नंतर वेळ असतोच.